पायडल बिनतारीचा जनक : आल्फ्रेड ट्रेगर



इ. स. १९१७ च्या जुलै महिन्याच्या अखेरीस पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडील किंबर्ली प्रदेशात जिमी डार्सी नावाचा एक तरुण गुराखी घोड्यावरून पडून जबर जखमी झाला. त्याला हॉल्स क्रीक नावाच्या लहानशा वस्तीत आणण्यात आले. तेथे डॉक्टर नव्हता. होती ती एक टपाल कचेरी, तिच्यात एक तारयंत्र, आणि ते यंत्र चालविणारे पोस्टमास्तर फ्रेड टकेट. टकेट यांनी दोन हजारांहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या पर्थ शहरातील डॉ. हॉलंड यांना तार केली. याच डॉक्टरांकडून त्यांनी पूर्वी कधी प्रथमोपचाराचे चार धडे घेतले होते. आता तेच डॉक्टर तारेच्या कड-कट्ट आवाजातून एकेक सूचना पाठवू लागले, आणि पोस्टमास्तरांनी रोग्याला मेजाशी बांधून, साध्या चाकूने, त्याच्या पोटावर शस्त्रक्रिया केली! डॉक्टर स्वतःही निघाले. आधी गुरे वाहणारे जहाज, मग मोटार, मग घोडा, असा प्रवास करीत ते हॉल्स क्रीकला पोहोचले, तेव्हा डार्सी आदल्याच दिवशी मरण पावला होता.

ही हकीकत त्या काळी ऑस्ट्रेलियातील वृत्तपत्रांतून दिवसेंदिवस छापून येत होती व सारा देश ती श्वास रोखून वाचीत होता. परंतु तिच्यातील एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात आली नसावी. डार्सीला निदान तारेचा आधार तरी मिळाला. ज्या शेकडो घरांपर्यंत तारेचा एक खांबही पोहोचला नव्हता, त्या घरांतील माणसे किती व कशी गेली, हे कोणत्या वृत्तपत्रात छापून येणार? अशा घरांच्या ओसरीवर मेजाखाली बसविता येईल असे एक बिनतारी यंत्र ज्या शांत, मितभाषी माणसाने तयार केले, त्या आल्फ्रेड हर्मन ट्रेगर यांचे चरित्र आज मी तुम्हांला सांगणार आहे.

ऑस्ट्रेलियाच्या नकाशाकडे पाहा. शहरे बहुतेक सारी समुद्रकाठाला लागून आहेत. आतील विस्तीर्ण, तांबड्या मातीच्या, कोरड्या प्रदेशात गुराढोरांची व मेंढ्यांची प्रचंड कुरणे आहेत. त्यांतील काही कुरणे आपल्या सबंध गोव्याहून कितीतरी मोठी. एका घरापासून दुसरे घर शंभर-शंभर किलोमीटर दूर. या मुलुखाला पुस्तकांतून पुष्कळदा ओसाड म्हटले जाते, पण ते खरे नव्हे; तेथील मूळचे आदिवासी हजारो वर्षांपासून त्या भूमीवर राहत आले आहेत आणि कुरणांवरील कष्टाची पुष्कळ कामे तेच करीत असत. विसाव्या शतकाच्या आरंभी या अंतर्भागातील सुमारे अठरा लाख चौरस किलोमीटर मुलुखाला, म्हणजे आपल्या भारताच्या निम्म्याहून अधिक क्षेत्राला, मिळून दोन डॉक्टर होते.

जॉन फ्लिन नावाच्या धर्मोपदेशकाने हे दुःख डोळ्यांनी पाहिले होते. १९१२ साली त्यांनी या एकाकी लोकांच्या सेवेसाठी एक संस्था स्थापन केली आणि ठिकठिकाणी परिचारिकांसह लहान रुग्णालये उघडली. १९१७ साली क्लिफर्ड पील नावाच्या एका वैद्यकीय विद्यार्थ्याने, जो महायुद्धासाठी वैमानिक झाला होता, त्यांना पत्र लिहून विमानाने डॉक्टर पाठविण्याची कल्पना सुचविली. पील पुढल्याच वर्षी फ्रान्समध्ये मारला गेला. त्याच्या पत्रातून काय उभे राहिले हे त्याला पाहावयास मिळाले नाही. फ्लिन यांनी मात्र ती कल्पना सोडली नाही. पण जितका विचार करावा तितकी एक अडचण त्यांना अधिकच स्पष्ट दिसू लागली. विमान मिळेल, डॉक्टरही मिळेल. पण अमक्या घरी माणूस अत्यवस्थ आहे हे त्या डॉक्टरला कळवावे कोणी? घोडेस्वार निरोप घेऊन निघाला तर त्यालाच चार दिवस लागावयाचे. मुके घर आणि उडता डॉक्टर यांची गाठ पडणार कशी?

या प्रश्नाचे उत्तर ॲडलेड शहरातील एका दुरुस्तीच्या कारखान्यात काम करणाऱ्या तंत्रज्ञाच्या हाती होते.

आल्फ्रेड ट्रेगर यांचा जन्म २ ऑगस्ट १८९५ रोजी व्हिक्टोरिया प्रांतात डिंबूला गावाजवळील ग्लेनली येथे झाला. वडील शेतकरी. आजोबा-आजी जर्मनीहून येऊन स्थायिक झालेले. १९०२ साली हे कुटुंब दक्षिण ऑस्ट्रेलियात बालाक्लावा गावाजवळ नव्या शेतावर राहावयास गेले. आल्फ लहानपणापासून चौकस, आणि त्याहून विशेष म्हणजे, सोशीक होता. बाराव्या वर्षी त्याने घरात व शेतावर सापडतील त्या वस्तूंतून एक दूरध्वनी बनविला आणि हत्यारांची खोली व घर यांच्यामध्ये तार ओढून बोलणे सुरू केले. चौकस मुले पुष्कळ असतात. आमच्या वर्गातही घड्याळ उघडणारे मला दरवर्षी दोन-तीन भेटतात. पण उघडलेले घड्याळ पुन्हा चालू करीपर्यंत त्याच्यापाशी बसून राहणारा क्वचित भेटतो. आल्फ त्या दुसऱ्या जातीचा होता.

ॲडलेडच्या तंत्रशिक्षण संस्थेतून १९१५ साली त्यांनी यंत्र व विद्युत अभियांत्रिकीची पदविका मिळविली. नंतर काही काळ शहरातील ट्राम व्यवस्थेत व टपाल-तार खात्यात नोकरी केली. तेव्हा पहिले महायुद्ध चालू होते. ट्रेगर यांना ऑस्ट्रेलियन हवाई दलात जाण्याची फार इच्छा होती. परंतु आजोबा जर्मन म्हणून त्यांना प्रवेश नाकारण्यात आला. ते दिवसच तसे होते. दक्षिण ऑस्ट्रेलियात जर्मन नावाची गावे कायदा करून नवी नावे धारण करीत होती आणि जर्मन वसाहतवाल्यांच्या ल्यूथरन शाळा सरकारने बंद केल्या होत्या. ट्रेगर यांचे स्वतःचे शिक्षणही काही काळ अशाच एका शाळेत झाले होते. स्वतःला अस्सल ऑस्ट्रेलियन मानणाऱ्या या तरुणाच्या मनाला तो नकार फार लागला. त्यांनी तक्रारीत आयुष्य घालविले नाही, एवढे मात्र त्यांच्या पुढील कामावरून दिसते.

युद्ध संपल्यावर ते ॲडलेडमध्ये मोटारींची जनित्रे व विजेची उपकरणे दुरुस्त करणाऱ्या एका व्यवसायात काम करू लागले. वीज उत्पन्न करणारे लहान जनित्र कसे गुंडाळावे, किती वेगाला ते किती दाब देते, धूळ आत शिरली की काय होते, याचे ज्ञान त्यांना येथे रोजच्या हातकामातून मिळाले. त्याच सुमारास त्यांना बिनतारीचा नाद लागला आणि त्यांनी हौशी बिनतारी चालकाचा परवाना मिळविला.

हे हौशी चालक कोण, ते येथे थोडे सांगितले पाहिजे. बिनतारी संदेशविद्या बाल्यावस्थेत असताना मोठी सरकारे आणि कंपन्या लांब लहरी वापरीत. त्यांच्यासाठी उंच मनोरे आणि प्रचंड यंत्रे लागत. दोनशे मीटरांहून आखूड लहरी निरुपयोगी समजल्या जात, म्हणून अमेरिकेने १९१२ साली कायद्याने त्या हौशी लोकांच्या पदरात टाकल्या. विद्यार्थी, शेतकरी, कारकून अशी ही माणसे फावल्या वेळात स्वतःच्या हातांनी यंत्रे जोडीत आणि एकमेकांना संदेश पाठवीत. आणि काय आश्चर्य! या टाकाऊ ठरविलेल्या लघुलहरीच सर्वांत दूर जाऊ लागल्या. आकाशात फार उंचावर विद्युत्भारित कणांचे थर आहेत; लघुलहरी त्यांच्यावर आपटून पुन्हा पृथ्वीकडे वळतात आणि अशा उड्या घेत थोड्याशा विजेवर हजारो किलोमीटर प्रवास करतात. १८ ऑक्टोबर १९२४ रोजी न्यूझीलंडमधील फ्रँक बेल या मेंढपाळ शेतकऱ्याने आपल्या शेतावरून थेट लंडनशी संदेशांची देवघेव केली. पलीकडे कोण होते? मिल हिल शाळेतील सेसिल गॉयडर नावाचा अठरा वर्षांचा विद्यार्थी! हाच गॉयडर पुढे १९३६ साली आपल्या देशात आला व ऑल इंडिया रेडिओचा मुख्य अभियंता झाला. आपल्याकडील लघुलहरींच्या प्रक्षेपणाची उभारणी त्याच्या देखरेखीखाली झाली.

तेव्हा दूरच्या एकाकी शेतावरून जगाशी बोलता येते, ही गोष्ट हौशी लोकांनी सिद्ध केलीच होती. पण बेल काय, गॉयडर काय, हे बिनतारीत मुरलेले लोक होते. फ्लिन यांना हवे होते ते वेगळेच. घरात ताप आलेले मूल, नवरा गुरांमागे चार दिवसांच्या वाटेवर गेलेला, विजेची सोय नाही, बिनतारीचा गंध नाही, अशा एकट्या बाईला वापरता येईल असे यंत्र त्यांना पाहिजे होते.

एका उच्च दाबाच्या जनित्राच्या खरेदीच्या निमित्ताने फ्लिन आणि ट्रेगर यांची ओळख झाली. १९२६ साली दोघे मिळून यंत्रसामग्री घेऊन देशाच्या मध्यभागी ॲलिस स्प्रिंग्ज येथे गेले. तेथे फ्लिन यांच्या संस्थेने नुकतेच बांधलेले रुग्णालय होते. त्याच्यामागील दगडी खोलीत मुख्य केंद्र मांडण्यात आले आणि पश्चिमेस सुमारे सव्वाशे किलोमीटरांवर हर्मन्सबर्ग येथील ल्यूथरन मिशनमध्ये व पूर्वेस आर्लटुंगा येथे लहान संच ठेवण्यात आले. संदेश गेले आणि आलेही. प्रयोग यशस्वी झाला असे कोणीही म्हणाले असते. परंतु ट्रेगर यांना त्यातील अपयशच अधिक दिसले असावे. ते संच विद्युतघटांवर चालत होते. हे घट जड, महाग, आणि संपले की नवे येईपर्यंत यंत्र मुके. ज्या वाटेने रोगी नेता येत नाही त्या वाटेने दर काही महिन्यांनी घटांचे ओझे कोणी व कसे न्यावे?

बिनतारी यंत्राची ही मेख समजून घ्या. ऐकण्याला वीज फार थोडी लागते; बोलण्याला पुष्कळ लागते. त्या काळच्या काचेच्या व्हॉल्व्हना प्रक्षेपणासाठी शेकडो व्होल्टचा दाब द्यावा लागे. मोटारीच्या यंत्राने जनित्र फिरवून तो मिळे, पण प्रत्येक घरी मोटार कोठून असणार? हाताने फिरविण्याचे जनित्र करून पाहिले, तर निराळीच पंचाईत. एका हाताने दांडा फिरवावयाचा आणि दुसऱ्या हाताने मोर्स लिपीचे टिंब आणि रेघ अचूक दाबावयाचे, हे माणसाला साधत नाही. एकाने फिरवावे व दुसऱ्याने दाबावे, तर घरात दुसरे माणूस आहे कोठे?

१९२८ सालच्या १५ मे रोजी क्वीन्सलंड प्रांतातील क्लॉनकरी येथे फ्लिन यांची हवाई वैद्यकीय सेवा सुरू झाली आणि १७ मे रोजी डॉ. वेल्च यांनी ज्युलिया क्रीककडे पहिले उड्डाण केले. विमान आले, यंत्र अजून नव्हते. आता उशीर करून चालण्यासारखे नव्हते. फ्लिन यांनी ट्रेगर यांना पुन्हा कामाला लावले आणि अटी सांगितल्या. यंत्र लहान असावे, स्वस्त असावे, टिकाऊ असावे, आणि अडाण्यालाही चालविता यावे. कोणत्याही अभियंत्याला विचारा. यांतील कोणत्याही दोन अटी एकत्र पाळणे सोपे, चारही पाळणे महाकठीण.

ट्रेगर यांना सुचलेली युक्ती ऐकल्यावर वाटते, हे कोणालाही सुचले असते! त्यांनी सायकलची पायडले घेतली. माझ्या आजोळी पायाने चालवावयाचे शिवणयंत्र होते. आजी पायांनी ते एका लयीत हलवीत असे आणि तिचे दोन्ही हात कापडावर मोकळे असत. बोलणेही चालूच असे. ट्रेगर यांच्या युक्तीचे मर्म नेमके हेच आहे. माणसाच्या शरीरातील सर्वांत बळकट स्नायू पायांचे. ते विजेच्या कामाला लावले की हात संदेशाला मोकळे राहतात. साधारण माणूस न दमता ज्या वेगाने पायडल मारू शकतो, त्या वेगाला दातेरी चाकांनी वाढवून त्यांनी जनित्र फिरविले, तेव्हा त्यातून सुमारे ३०० व्होल्ट दाबाची आणि २० वॉटची वीज मिळाली. वीस वॉट म्हणजे किती? आपल्या वर्गातील एक एलईडी नळी साधारण तेवढीच वीज घेते. एवढ्याशा शक्तीवर शेकडो किलोमीटर दूर हाक मारावयाची, आणि ती लघुलहरींच्या कृपेने पोहोचत असे.

युक्ती सुचली तरी यंत्र तयार होत नाही. माझ्या मते ट्रेगर यांचे खरे मोठेपण त्या एका युक्तीपेक्षा नंतरच्या बारीकसारीक निर्णयांत आहे. जनित्र, गतिचक्र आणि दातेरी चाके त्यांनी एका धातूच्या पेटीत बंदिस्त केली. तांबड्या मुलुखातील धूळ पिठासारखी बारीक असते. ती कोठेही शिरते. फक्त पायडले तेवढी बाहेर ठेवली. पेटीला खाली ओतीव बैठक दिली, म्हणजे ती मेजाखाली जमिनीला स्क्रूने घट्ट बसविता यावी व पायडल मारताना हलू नये. बिनतारीचा सारा संच, प्रेषक व ग्राहक दोन्ही, एका लहान खोक्यात बसविला. बोलणे आणि ऐकणे यांसाठी एकच मुख्य खटका ठेवला. तो एका बाजूला केला की प्रेषक चालू, दुसऱ्या बाजूला केला की ग्राहक.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रेषकाची लहर त्यांनी स्फटिकाने बांधून टाकली. गारेच्या जातीच्या या स्फटिकाची पातळ चकती विजेच्या प्रभावाखाली एका ठरावीक वेगाने कंप पावते; तिच्या मापावर तो वेग अवलंबून असतो आणि तो सहसा ढळत नाही. हौशी चालक आपल्या यंत्राची बटणे फिरवून लहर जुळवीत बसतो. त्यातच त्याचा आनंद असतो. पण घाबरलेल्या आईला बटणे जुळविण्याचे काम सांगता येत नाही. तिने पायडल कमीजास्त वेगाने मारले, थरथरत्या हाताने कळ दाबली, तरी यंत्राची हाक डॉक्टरांच्या केंद्राला ठाऊक असलेल्या त्याच लहरीवर गेली पाहिजे. स्फटिकाने ते साधले. हौशी लोकांपाशी जे कौशल्य बोटांत असे, ते ट्रेगर यांनी खोक्यात भरून ठेवले.

१९२९ सालच्या जून महिन्यात क्लॉनकरीच्या उत्तरेस सुमारे अडीचशे किलोमीटरांवर असलेल्या ऑगस्टस डाऊन्स या कुरणावरील घरात पहिला पायडल संच बसविण्यात आला. तेथून निघालेली मोर्स अक्षरे क्लॉनकरीच्या केंद्रात ऐकू आली. तेव्हापासून हजारो मैलांच्या त्या शांततेत एकेक घर बोलके होऊ लागले. ट्रेगर स्वतः मोटारीत संच घालून धुळीच्या वाटांनी घरोघर जात, एरियलसाठी खांब उभा करीत, मेजाखाली जनित्र बसवीत आणि मग घरातल्या माणसांना मोर्स लिपी शिकवीत. यंत्र विकून परतण्याची घाई त्यांना नसे.

येथे एक मौजेची व्यवस्था होती. केंद्राकडे वीज भरपूर असल्याने केंद्रातून मनुष्यवाणीत बोलले जाई. पण घरच्या संचाला तेवढी शक्ती नसल्याने घरातून उत्तर मोर्समध्येच द्यावे लागे. म्हणजे ऐकणे सोपे, सांगणे कठीण. आणि संकटाच्या वेळी सांगण्याचेच महत्त्व अधिक! मोर्स लिपी पाठ असणे वेगळे आणि रक्ताने माखलेल्या हातांनी ती दाबणे वेगळे. ट्रेगर यांनी हे पाहिले आणि आणखी एक यंत्र घडविले. टंकलेखन यंत्रासारख्या अक्षरांच्या कळा त्यांनी संचाला जोडल्या. अक्षराची कळ दाबली की त्या अक्षराचे टिंब आणि रेघ यंत्र आपोआप पाठवी. १९३० नंतरच्या काही वर्षांत हा कळफलक पुष्कळ घरांत पोहोचला. ज्याला वाचता येते त्याला आता डॉक्टर बोलावता येऊ लागला. तरीही त्यांचे समाधान झाले नाही. १९३५ च्या सुमारास पायडल संचातूनच प्रत्यक्ष बोलण्याची सोय त्यांनी करून दिली आणि मोर्सचे काम हळूहळू संपले. इतक्या परिश्रमाने केलेला आपलाच कळफलक आपल्याच हातांनी निरुपयोगी करावयाचा, याला मोठे मन लागते असे मला वाटते.

आता घरोघरच्या संचांमधून केवळ आजाराच्या वार्ता येत नव्हत्या. डॉक्टर दुरून लक्षणे विचारीत, आणि घरातील औषधांच्या पेटीतील प्रत्येक बाटलीला क्रमांक असल्यामुळे अमुक क्रमांकाचे औषध इतके द्या, असे सांगत. पुष्कळदा विमान पाठविण्याची वेळच येत नसे. शिवाय दिवसाचा एक ठरावीक वेळ नुसत्या गप्पांसाठी मोकळा ठेवला जाई. शेकडो किलोमीटर पसरलेल्या कुरणांवरच्या बायका त्या वेळी आपापल्या यंत्राशी बसून मुलांच्या खोड्या, पावसाची आशा, लोणच्या-मुरंब्याच्या कृती एकमेकींना सांगत. तिकडे गालाह नावाचा एक गुलाबी-करड्या रंगाचा, फार कलकलाट करणारा पोपट आहे. त्याचेच नाव या गप्पांच्या बैठकीला पडले. ज्या बाईने वर्षवर्ष दुसऱ्या बाईचा आवाज ऐकला नाही, तिला त्या कलकलाटाची किंमत विचारावी.

तुम्हां विद्यार्थ्यांना अधिक जवळची वाटेल अशी गोष्ट पुढेच आहे. ॲडलेड मिथ्के नावाच्या एका शिक्षणतज्ज्ञ बाई अंतर्भागात फिरत असताना त्यांना दिसले की तेथील मुले फार बुजरी आहेत; बरोबरीची मुले त्यांना भेटतच नाहीत आणि शाळा म्हणजे टपालाने येणारे कागद. घरात बिनतारी आहे, तर तिच्यावरून शाळा का भरू नये? असा विचार त्यांच्या मनात आला. त्यातून १९५१ सालच्या ८ जून रोजी ॲलिस स्प्रिंग्ज येथे हवेतील शाळेचे रीतसर उद्घाटन झाले. शिक्षिका केंद्रात बसून शिकवी आणि मुले आपापल्या घरून, ज्या संचावर एरवी डॉक्टरला हाक जाई त्याच संचावर, हजेरी देत, उत्तरे देत आणि एकत्र गाणी म्हणत. वर्गबंधूचा चेहरा पाहिलेला नसे, पण आवाजावरून सारे ओळखीचे. २०२० साली महामारीमुळे आपल्या शाळा बंद झाल्या आणि आम्ही शिक्षक हातातील फोनवर वर्ग घेऊ लागलो, तेव्हा मला या शाळेची वारंवार आठवण होई. त्यात एक वर्ग मी भर पावसात घेतला, आणि माझ्या निम्म्या मुलांचा आवाज मध्येच तुटत राहिला. ट्रेगर यांच्या शिष्यांना तक्रार करावयाची असेल तर त्यांनी पायडल जरा जोराने मारावे, एवढीच सोय होती! त्या हवेतील शाळा अजून चालू आहेत. बिनतारीची जागा आता उपग्रहाने घेतली आहे.

ट्रेगर यांनी स्वतःच्या नावाने कारखाना काढला होता व तो अखेरपर्यंत बिनतारी संचच बनवीत राहिला. पुढे विजेची सोय वाढली, नवे घट निघाले, पायडलांची गरज उरली नाही, तेव्हा त्यांनी मोटारीत ठेवता येतील व हातात वागविता येतील असे संच बनविले. १९४४ साली ब्रिटिश सरकारने त्यांना ओ. बी. ई. हा किताब दिला. जर्मन आजोबांमुळे ज्याला हवाई दलाने दारातून परत पाठविले होते, त्याच्याच यंत्राच्या हाकेवर आता देशभर विमाने उडत होती. हा किताबही त्याला आला तो जर्मनीशी दुसरे युद्ध चालू असतानाच. फ्लिन १९५१ साली वारले आणि त्यांच्या सेवेला १९५५ साली रॉयल ही उपाधी मिळाली. उत्तर वयात ट्रेगर यांच्या कारखान्यातील पायडल संच नायजेरियासारख्या दूरच्या देशांतही गेले. सूर्याच्या उष्णतेने खाऱ्या पाण्याचे गोडे पाणी करण्याचे प्रयोगही त्यांनी केले.

त्यांच्या स्वभावाविषयी जे सांगतात ते थोडक्यात असे : संथ, काटेकोर, कामाशिवाय फारसे न बोलणारा माणूस. सभा-समारंभांत फ्लिन बोलत आणि ट्रेगर मागे उभे असत. ऑस्ट्रेलियाच्या नोटेवर चित्र आले ते फ्लिन यांचे.

३१ जुलै १९८० रोजी ॲडलेड येथे ट्रेगर यांचे निधन झाले. पंच्याऐंशीव्या वाढदिवसाला दोन दिवस उरले होते. ॲलिस स्प्रिंग्जमधील एका क्रीडांगणाला त्यांचे नाव आहे. तेथे मुले चेंडू खेळतात. २०१७ सालापासून क्वीन्सलंडच्या विधानसभेतील एक विस्तीर्ण मतदारसंघही ट्रेगर या नावाने ओळखला जातो, आणि जेथे पहिल्या पायडल संचाची हाक ऐकू आली ते क्लॉनकरी गाव त्याच मतदारसंघात आहे.